'होम्स दोन राउंडही टिकला नसता' म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण लेख शेवटपर्यंत वाचून लिहिलेली आहे. म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: बॉक्सिंगमधले दोन हेवीवेट विजेते, १९७३ चा जॉर्ज फोरमन आणि १९७९ चा लॅरी होम्स, समोरासमोर आले असते, तर होम्स गुणांवर सहज जिंकला असता, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, फोरमनने केन नॉर्टनला दोन राउंडमध्ये आडवा केला, त्याच नॉर्टनशी होम्सला पंधरा राउंड झुंजावं लागलं आणि विजयही एका गुणाने निसटताच मिळाला, मग होम्स फोरमनपुढे उभा राहणार कसा? शिवाय 'आत्याबाईला मिशा असत्या तर' हा टोला आहेच. मिशांचं मान्य. पण त्याच मिशांना पीळ देत तुम्हीही तीन परिच्छेद लिहिलेत की!

'सहज' हा शब्द मात्र मागे घेतो. होम्सची एक खोड होती, जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारून डावा हात परत आणताना तो खाली सोडायचा. त्या फटीतून अर्नी शेव्हर्सच्या उजव्या हाताने सप्टेंबर १९७९ मध्ये सातव्या राउंडला त्याला असा पाडला की उठलाच कसा, याचं आजही नवल वाटतं. १९८१ मध्ये रेनाल्डो स्नाइप्सनेही उजव्यानेच लोळवला. पहिले चार राउंड होम्सचा जीव टांगणीलाच राहिला असता, हे कबूल.

पण तुमचं त्रैराशिक मला पटत नाही. तेच पुढे चालवून बघा. मार्च १९७९ मध्ये शेव्हर्सने नॉर्टनला पहिल्याच राउंडमध्ये संपवला, म्हणजे फोरमनपेक्षाही लवकर. सहा महिन्यांनी होम्सने त्याच शेव्हर्सला अकराव्या राउंडमध्ये थांबवला. मग या हिशेबाने होम्सने फोरमनचं काय केलं असतं? आणि नॉर्टनने १९७३ मध्ये मुहम्मद अलीचा जबडा मोडला, फोरमनने नॉर्टनला लोळवला, अलीने १९७४ मध्ये किन्शासात फोरमनला. घाण्याच्या बैलासारखे फिरत बसाल.

खरी गोम नॉर्टनमध्येच आहे. हात आडवे धरून, वाकून, उजवा पाय फरफटवत तो पुढे यायचा. पुढे येऊ दिला तर अलीलाही जड जायचा. मागे रेटला की कामातून गेला. कराकसमधली मार्च १९७४ ची ती फोरमन-नॉर्टन लढत एकदा आवाज बंद करून बघा. ठोशाकडे नको, फोरमनच्या तळहातांकडे बघा. दोन्ही हात पुढे करून तो समोरच्याला ढकलतो, हवं तेवढं अंतर पाडून घेतो, आणि मग त्याचे हात चालतात. वर्षभर आधी किंग्स्टनला तेव्हाचा विजेता जो फ्रेझर फोरमनपुढे वाकून आत शिरत होता आणि खालून येणाऱ्या अपरकटवर स्वतःच जाऊन आदळत होता. दोन राउंडमध्ये सहा वेळा पडला. हे दोघंही फोरमनच्या दारात स्वतःहून चालत आलेले पाहुणे.

होम्स त्या दारात जाणारा नव्हता. त्याचा हात फोरमनपेक्षा लांब, पाय पंधरा राउंड चालणारे, आणि जॅब असा की पुढे येणाऱ्याचं पाऊल अर्ध्यावरच अडावं. नॉर्टनशी ती लढत (९ जून १९७८) तो डावा दंड दुखावलेला असताना लढला, हेही विसरू नका.

किन्शासात अलीपुढे फोरमन उकाड्याने दमला, हा तुमचा मुद्दा काही अंशी खरा. १९७७ मध्ये सान हुआनला जिमी यंगकडून हरला तिथेही उकाडा होता. त्या सामन्यात सातव्या राउंडला यंग पडता पडता वाचला, तरी बाराव्यात खाली बसला तो फोरमनच. पण फेब्रुवारी १९७० मध्ये ग्रेगोरिओ पेराल्टा त्याच्यापुढे पूर्ण दहा राउंड टिकला, ते न्यूयॉर्कमध्ये. फेब्रुवारीतल्या न्यूयॉर्कला उकाडा म्हणायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं. पेराल्टा तिशी ओलांडलेला, अंगाने लहान. लढत हरला, पण सरकत राहिला म्हणून शेवटच्या घंटेला पायांवर होता.

हळहळ एवढीच की दोघं एकाच वर्षी, १९४९ मध्ये जन्मलेले. यंगकडून हरल्यावर फोरमन हातमोजे टांगून धर्मोपदेशक झाला आणि पुढच्याच वर्षी होम्स विजेता. १९९९ मध्ये पन्नाशीतल्या या दोघांची लढत ह्यूस्टनला ठरली होती, तीही बारगळली.

माझा निकाल: होम्स, पंधरा राउंड, गुणांवर, एकदा पडून उठल्यावर. शेव्हर्स विरुद्ध फोरमन लावलीत तर मात्र मी तुमच्या बाजूला बसतो. फोरमन, तीन राउंडच्या आत.