घरातली क्रेन

फी भरायची शेवटची तारीख होती आणि रात्रीचे साडेदहा वाजले होते. फी शेवटच्या रात्रीच भरायची, हा आमच्या घरचा नियम. पैसे जायचे तेवढेच जातात, पण उशिरा गेले की काहीतरी वाचल्यासारखं वाटतं. नवऱ्याने लॅपटॉप उघडला. शाळेची साइट नुसती गोल गोल फिरत बसली. तो म्हणाला, "थांब, राउटर बंद करून चालू करतो."

एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण हात लावलाच आहे तर म्हणून त्याने वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही बदलून टाकले. कुणीतरी आपलं नेट फुकट वापरतंय, असा त्याला बरेच दिवस संशय होता.

त्या चोराचं काय झालं कोण जाणे, आमच्या घरातल्या अकरा वस्तू मात्र एका क्षणात पोरक्या झाल्या. हॉलमधला दिवा लुकलुकायला लागला. स्पीकर रुसलेल्या पाहुण्यासारखा 'इंटरनेट सापडत नाही' असं पुन्हा पुन्हा ऐकवू लागला. वॉशिंग मशीन बटणांवरही चालतं म्हणे, पण ती बटणं शेवटची कुणी दाबली होती तेच कुणाला आठवेना.

दिव्याला नव्या वायफायशी जोडायची रीत अशी: पाच वेळा बंद-चालू करायचा, मग तो लुकलुकतो, मग फोनने त्याला हाक मारायची. यातही मेख आहे. वायफायच्या लहरी दोन प्रकारच्या, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या. असे दिवे बहुतेक करून फक्त २.४ च्याच ऐकतात आणि आमचा फोन ५ वर होता. म्हणजे दोघं एकाच खोलीत, पण बोलणं नाही. (ही अवस्था आम्हाला अनोळखी नाही.) नवरा स्टुलावर उभा राहून दिव्याकडे बघत होता, मी बटणापाशी. "एक… दोन… तीन…" "अगं, चार झाले!" "मग आधीचा धरायचा का?" परत पहिल्यापासून. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, हे लोक जहाजाला खुणा करतायत.

या सगळ्यात झाडू मारणारा रोबो तेवढा शांत होता, कारण तो सतरंजीच्या काठाशी अडकून पडला होता. त्याच्या पोटाखाली सेन्सर असतात. ते खाली इन्फ्रारेड किरण सोडतात. किरण परत आला तर जमीन, नाही आला तर खोल दरी. आमची सतरंजी काळी. ती किरण गिळून टाकते, त्यामुळे आमच्या हॉलच्या मधोमध कडा आहे, अशी त्याची ठाम समजूत आहे. म्हणून तो निघायच्या आधी मी सतरंजी गुंडाळते. मोजे, चार्जरच्या वायरी, पेन्सिलींचे तुकडे उचलते. खुर्च्या वर ठेवते. मग तो ऐटीत झाडतो. आता तिथे झाडण्यासारखं काय उरलेलं असतं, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

१९९० साली जॉन रोमकी नावाच्या माणसाने एका प्रदर्शनात इंटरनेटला जोडलेला टोस्टर दाखवला होता. कॉम्प्युटरवरून हुकूम सोडला की टोस्टर चालू. अडचण एवढीच, की ब्रेड हाताने घालावा लागे. मग पुढच्या वर्षी ब्रेड उचलून घालायला एक छोटी क्रेन बसवली. हे वाचलं तेव्हा मला फार आपलेपणा वाटला. आमच्या घरातली क्रेन मी आहे.

पावणेअकराला साइट उघडली आणि फीची यादी दिसली. आकडा बघून नवरा स्टुलावरून उतरला. थोरली कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. तिची फी हा वेगळा, मोठा आणि दुःखद विषय आहे. ती आतून म्हणाली, "आई, याला बाउमोलचा कॉस्ट डिसीज म्हणतात."

मग तिने समजावलं. १९६६ साली विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी नाटक-संगीतवाल्यांचे हिशेब तपासले. चार वादकांची रचना दोनशे वर्षांपूर्वीही चौघांनाच वाजवावी लागे, आजही चौघंच लागतात आणि वेळही तेवढाच. कारखान्यात मात्र यंत्रामुळे एक माणूस पूर्वीच्या कित्येकांचं काम करतो, म्हणून त्याचा पगार वाढतो. मग वादकाचाही वाढवावा लागतो, नाहीतर तो वाद्य ठेवून कारखान्यात जाईल. शिक्षकाचंही तेच. म्हणून टीव्ही स्वस्त होत जातो आणि वर्ग महाग.

"म्हणजे शिकवणारं माणूस अजून माणूसच आहे, म्हणून फी जास्त?"

"साधारण तसंच."

हे मला पटलं. बाईंच्या पगारासाठी मी कुरकुरत नाही. चाळीस पोरांना एका जागी बसवून ठेवणारं यंत्र अजून निघालेलं नाही. "मग या यादीत रोबोटिक्स लॅब, स्मार्ट क्लास आणि ॲपचे वेगळे पैसे कशाला?"

"तो भाग आम्हाला पुढच्या सेमिस्टरला आहे."

रोबोटिक्स लॅबचा प्रसाद आम्हाला गेल्याच महिन्यात मिळाला होता. धाकट्याला प्रकल्प होता, 'स्वतः पाणी घेणारं झाड'. सूचनेत लिहिलं होतं, विद्यार्थ्याने स्वतः करावा. त्यामुळे रात्री एक वाजेपर्यंत मी ग्लू गनने बोटं भाजून घेत होते. ओली माती वीज बरी वाहून नेते, कोरडी नाही, यावर तो सेन्सर चालतो. रात्रीत त्याची एक वायर निसटली. वायर निसटली म्हणजे वीज नाही, वीज नाही म्हणजे माती कोरडी, असा त्याने निष्कर्ष काढला आणि पहाटेपर्यंत झाडाला पाणी पाजत राहिला. तीन वर्षं माझ्या विसरभोळेपणावर जगलेलं ते झाड एका रात्रीच्या शिस्तीने गेलं. शेरा आला: 'कल्पना चांगली. पालकांनी जास्त मदत करू नये.'

असो. साडेअकराला कार्डाचा नंबर घातला. पुढे चौकोन आला: 'मी रोबोट नाही'. ज्या चित्रांत सिग्नल आहेत ती निवडा. मी निवडली. चुकलं. सिग्नलचा खांब हा सिग्नल धरायचा का, यावर आमच्यात मतभेद झाले. धाकटा उठून आला आणि म्हणाला, "आई, तू माणसासारखी निवडत नाहीयेस." मग सायकली आल्या, मग झेब्रा क्रॉसिंग. मी माणूस आहे की नाही हे ठरवणारंही एक यंत्रच, आणि त्याला माझा ठाम संशय आला होता. हॉलमधून नवरा ओरडला, "बटण दाब गं, चौथ्यांदा!"

बारा वाजून एक मिनिटाने मी माणूस ठरले. पान उघडलं. घरातलं एकही यंत्र धड चालत नव्हतं, विलंब शुल्क मात्र आपोआप जोडलं गेलं होतं.