बॉलपार्क फिगर आणि नर्सरीपासूनचं इंग्रजी

२०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्या दिवसांत आमच्या बॉस्टनच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही दुसरा विषय नव्हता. हिंदीवरून मंडळी अगदी हमरीतुमरीवर आली. एका गोष्टीवर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत होतं: इंग्रजी लवकरात लवकर हवं, नर्सरीपासून इंग्रजी माध्यमच हवं, नाहीतर पोर परदेशात मागे पडतं. हे मला पटत नाही. परदेशातलं इंग्रजी रोज कानावर पडतं, म्हणूनच पटत नाही.

इथल्या ऑफिसातलं इंग्रजी निम्मं बेसबॉलच्या मैदानावर वाढलंय. अडचणीचं काम पुढे येऊन अंगावर घेणारा माणूस ‘स्टेप्स अप टू द प्लेट’. होम प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेली पाच कोनी रबरी पट्टी, जेमतेम १७ इंच रुंद. तिच्याशेजारी फलंदाज उभा राहतो. नऊ जणांचा क्रम ठरलेला असतो आणि आपली पाळी आली की उभं राहावंच लागतं. अनपेक्षित प्रश्न आला की तो ‘कर्व्हबॉल’. आमंत्रण नाकारायचं नसेल, पण आत्ता जमत नसेल, तर ‘रेन चेक’ मागायचा. पावसाने सामना वाहून गेला तर त्याच तिकिटावर पुन्हा येऊ द्यायची जुनी पद्धत होती, तिथून हा शब्द आला. आता सेलमधली वस्तू संपली तर दुकानातसुद्धा रेन चेक देतात.

कर्व्हबॉलचं गणित आपल्या माणसाला चटकन कळेल. चेंडू टाकणारा साडेसाठ फुटांवर असतो, म्हणजे आपल्या बावीस यार्डांपेक्षा थोडा जवळच. चेंडूला टप्पा नाही. जे काही वळायचं ते हवेतच, आणि फलंदाजाच्या पुढ्यात येता येता तो खाली बुडतो. आपण अशा वेळी गुगली म्हणतो. शरद पवारांनी गुगली टाकली, असा मथळा वाचून महाराष्ट्रात कुणी शब्दकोश उघडत नाही. (पवारांचे सासरे सदू शिंदे कसोटीत लेगस्पिन टाकायचे, तेव्हा त्या घरात तो शब्द अस्सलच म्हणायचा.)

एकदा पुण्याच्या टीमबरोबर कॉल चालू होता. इथली सकाळ, तिथली संध्याकाळ. मॅनेजरने विचारलं, कामाला किती दिवस लागतील, ‘जस्ट गिव्ह मी अ बॉलपार्क’. पुण्याचा मुलगा हुशार, केजीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेला. क्षणभर थांबला आणि म्हणाला, उद्या सगळा हिशेब करून पाठवतो. बॉलपार्क म्हणजे खरं तर बेसबॉलचं मैदान, पण बोलण्यात त्याचा अर्थ ढोबळ आकडा. मॅनेजरला तोच हवा होता, तोही तिथल्या तिथे. मग ‘शुक्रवारी टच बेस करू’ झालं आणि पुन्हा शांतता. टच बेस म्हणजे भेटून थोडं बोलून घेणं. धावणाऱ्याने प्रत्येक बेसला पाय लावायलाच हवा, एक जरी चुकला आणि समोरच्यांनी दाद मागितली तर तो बाद. हे ज्याने पाहिलंय त्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं. ज्याने नाही पाहिलं, त्याला नुसतेच शब्द ऐकू येतात. कॉल संपल्यावर शेरा आला: मुलं चांगली आहेत, कम्युनिकेशन कच्चं आहे.

मला तेव्हा फार राग आला होता, अजूनही येतो. त्या मुलाचं व्याकरण मॅनेजरपेक्षा चोख होतं. त्याने बेसबॉल पाहिला नव्हता, एवढंच. आणि ते शिकवण्याची ताकद पुण्यातल्या कितीही फी घेणाऱ्या शाळेत नाही.

जून २०२४मध्ये उलट झालं. डॅलसला अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं आणि सुपर ओव्हर टाकली आपल्या मुंबईच्या, इथे सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या सौरभ नेत्रवळकरने. दुसऱ्या दिवशी ऑफिसात अमेरिकन सहकारी विचारत आले, सुपर ओव्हर म्हणजे काय? आम्ही हौसेने समजावलं. बरोबरी झाली की तुम्ही जादा इनिंग खेळता ना, तसंच काहीसं. कुणीही त्यांचं इंग्रजी कच्चं ठरवलं नाही. हाच न्याय पुण्याच्या मुलाला का नाही?

ही भाषा नुसती गप्पांची नाही. कॅलिफोर्नियात १९९४मध्ये कायदा झाला: आधी दोन गंभीर किंवा हिंसक गुन्हे नावावर असतील, तर तिसऱ्या कुठल्याही मोठ्या (फेलनी) गुन्ह्याला २५ वर्षं ते जन्मठेप. नाव ‘थ्री स्ट्राइक्स’, कारण बेसबॉलमध्ये फलंदाजाचे तीन स्ट्राइक, म्हणजे तीन चुका, झाल्या की तो बाद. तीन गोल्फ क्लब चोरणाऱ्या, आधीचे गुन्हे नावावर असलेल्या एका माणसाला याच कायद्याखाली शिक्षा झाली आणि २००३मध्ये सुप्रीम कोर्टाने ती पाच विरुद्ध चार मतांनी कायम केली. २०१२मध्ये मतदारांनी कायदा सौम्य केला. माझं मत असं, की हे तीन चुकांचं गणित इथल्या प्रत्येक पोराच्या अंगात भिनलंय, म्हणून एवढी कठोर शिक्षाही लोकांना सरळ वाटली. जॉन रॉबर्ट्स अमेरिकेचे सरन्यायाधीश होण्याआधी २००५मध्ये सिनेटपुढे म्हणाले होते, की न्यायाधीशाचं काम अंपायरचं, बॉल आणि स्ट्राइक सांगण्याचं, म्हणजे टाकलेला चेंडू नियमाच्या पट्ट्याबाहेरचा की फलंदाजाच्या खाती चूक, एवढंच ठरवण्याचं. खेळातून आलेली भाषा इतकी खोल जाते.

पण कामापुरती ती शिकायला बालपण खर्ची घालावं लागत नाही. शेजाऱ्याबरोबर फेनवे पार्कला, म्हणजे बॉस्टनच्या बेसबॉल मैदानावर, दोन-चार सामने पाहिले, न कळलं तर विचारलं, की एका उन्हाळ्यात बरंचसं उलगडतं. पंचविशीत येऊनही जमतं. आमच्या पिढीतले कितीतरी जण जिल्हा परिषदेच्या शाळेतून आले आणि त्यांनी हे केलं. इंग्रजी विषय म्हणून नीट शिकवायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. महाराष्ट्रात तो २०००पासून पहिलीलाच आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला मुलाखतीत कमी लेखतात, ही आईबापांची भीतीही खरी आहे. पण त्यावर उपाय चांगला इंग्रजीचा शिक्षक हा आहे. घरात आईनेही पोराशी मोडक्या इंग्रजीत बोलणं हा नाही.

कारण राज्य कुणावर आलं, लिंबूटिंबू कोण, रडीचा डाव कुणी खेळला, भिडू कसे वाटायचे, हे पंचविशीत क्लास लावून येत नाही. मोठेपणी अर्थ कळेल, पण भांडताना तोंडातून आपोआप निघणार नाही. इथल्या मराठी शाळांत मी हे जवळून पाहते. रविवारी तासभर मुलं बाराखडी गिरवतात, वाक्यं वाचतात, आणि बाहेर पडताक्षणी आपसात इंग्रजी. तीच मुलं सुट्टीत डोंबिवलीला आजीकडे जातात, संध्याकाळी सोसायटीच्या आवारात लगोरी, लपाछपी खेळतात आणि ‘ए, तू आउट आहेस, रडीचा डाव नको’ असं ओरडत परत येतात. शिक्षिकेने वर्षभरात न शिकवलेलं वाक्य शेजारच्या पोराने दहा मिनिटांत शिकवलेलं असतं.

म्हणून आमच्या शाळेच्या बैठकीत मी मागणी केली आहे, की त्या तासातला अर्धा वेळ मुलांना मैदानावर सोडा. खो-खो, लगोरी, आट्यापाट्या, आणि सूचना सगळ्या मराठीत. पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, काहींनी तसं बोलूनही दाखवलं. मी मागणी सोडलेली नाही. आणि पुण्याबरोबरच्या कॉलवर कुणी बॉलपार्क म्हणालं, की मी मध्येच थांबवून विचारते: म्हणजे अंदाजे किती दिवस, हेच ना?