यू का?

आईने फोनवर विचारलं, "कुठलं झाड आणलंस?"

"यू."

"काय?"

"यू, आई. यू!"

"अरे ये की, विचारतोस काय! तिकिटं काढलीस का?"

आमच्या साताऱ्याकडे 'येऊ' एवढं लांबलचक म्हणायला कुणाला वेळ नसतो. तेव्हा चूक तिची नव्हती. ह्यूस्टनमध्ये राहून यू, म्हणजे थंड देशातलं सुयांसारख्या पानांचं झाड, लावायला निघालेल्या माणसाची होती.

स्कॉटलंडला फिरायला गेलो होतो तेव्हा फॉर्टिंगल गावच्या चर्चच्या आवारात एक यू पाहिलं. वय दोन-तीन हजार वर्षं असावं, असा अंदाज सांगतात. तेव्हापासून ते डोक्यात बसलं. शिवाय यूच्या सालीतून कर्करोगावरचं टॅक्सॉल शोधून काढणाऱ्यांपैकी एक, मनसुखलाल वाणी, जन्माने नंदुरबारचे. नंदुरबारच्या उन्हातला माणूस यूपर्यंत पोचतो, तर सातारकर का नाही? त्यांनी ते प्रयोगशाळेत केलं, अंगणात नाही, हा तपशील मी नजरेआड केला.

ओहायोहून खोक्यातून दोन फुटी रोप आलं. यूला तसं बरंच काही चालतं. सावली चालते, कशीही छाटणी चालते, दुर्लक्षही चालतं. चालत नाही ते मुळाशी साचलेलं पाणी आणि घामट रात्री. ह्यूस्टनमध्ये नेमकं तेवढंच भरपूर मिळतं. इथल्या चिकणमातीला लोक 'गंबो' म्हणतात. गंबो हे इकडचं भेंडी घातलेलं कालवणही. पावसात खड्डा खणल्यावर कळलं, नाव उगाच नाही पडलेलं. दोन दिवसांनी पाहतो तर पाणी जिथल्या तिथे, आणि त्यात एक बेडूक.

मग उंचवटा करून रोप लावलं. जूनपासून त्याच्यावर छत्री धरली. जुलैत रात्री झोपण्यापूर्वी बुंध्याशी बर्फाचे खडे ठेवू लागलो. शेजारचे म्हातारबुवा कुत्रा फिरवताना रोज थांबून बघायचे. एकदा त्यांनी ग्लासही दाखवला. बायको म्हणाली, "माझं डोकं दुखतं तेव्हा बाम आणायला उठलात का कधी?"

आतल्या सुया पिवळ्या पडायला लागल्या. मला वाटलं, तहान लागली असेल. पाणी वाढवलं. आणखी पिवळ्या. आणखी पाणी. अकराव्या आठवड्यात हलकेच ओढलं तर अख्खं झाड वर आलं, आणि मुळांची साल भिजवलेल्या बदामासारखी चिमटीत सुटून आली. दोन हजार वर्षं जगणारं झाड मी अडीच महिन्यांत संपवलं होतं. पलीकडच्या कुंडीत तुळस कुणाला न विचारता कमरेएवढी झाली होती.

"आई, यू गेलं."

"आलं कधी?"

मेलेलं झाड मी काही दिवस तसंच ठेवलं, आशा असते. तेवढ्यात आमच्या कॉलनीच्या सोसायटीचं पत्र आलं: दर्शनी भागातलं मृत झुडूप तातडीने बदलावे. जवळच्याच नर्सरीत गेलो तर समोर पाटी, 'जॅपनीज यू'. ह्यूस्टनच्या उन्हात, भर ऑगस्टमध्ये, हिरवंगार! दोन घेतली. बर्फ नाही, छत्री नाही, तरी वर्षभरात छातीएवढी झाली. गणपतीला घरी आलेल्या प्रत्येकाला मी आधी झाड आणि मग गणपती दाखवला.

त्यात एक वनस्पतिशास्त्राच्या बाई होत्या. त्यांनी एक पान चिमटीत धरलं आणि मोदक संपवून शांतपणे म्हणाल्या, "हे यू नाहीच. पोडोकार्पस आहे. इकडे दक्षिणेत त्याला सगळे जॅपनीज यूच म्हणतात." रात्री मुलाची पट्टी घेऊन बाहेर गेलो. यूची सुई इंचभर असते. हे पान नऊ सेंटीमीटर भरलं. दुसरं मोजलं. तेही नऊ.

रविवारी आईचा फोन आला. "ते दुसरं यू तरी जगलं ना?"

"जगलं. पण ते यू नाही, आई. पोडोकार्पस आहे."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"त्यापेक्षा तू येच," ती म्हणाली.