मैदान नाहीसे करण्याची सात्त्विक पद्धत

आमच्या घरामागच्या भूखंडावरील क्रीडांगणाचे आरक्षण नुकतेच व्यपगत झाले, म्हणजे मुदत उलटून आपोआप संपले. एकही ठराव न करता आणि एकही हरकत ओढवून न घेता मैदान कसे नाहीसे करावे याचा तो वस्तुपाठच असल्यामुळे, नगरसेवक होऊ इच्छिणाऱ्या होतकरू वाचकांना चार हिताच्या गोष्टी सांगणे मला कर्तव्य वाटते.

विकास आराखड्याचा नकाशा तोंडपाठ करावा. मात्र शाळा, उद्यान आणि दवाखाना कोठे होणार हे पाहण्यासाठी नव्हे, तर त्या रंगांखालची जमीन सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे हे पाहण्यासाठी.

अडचणीचा विषय आयत्या वेळी आणावा, कारण कार्यपत्रिकेवरचा विषय एखादा सभासद चक्क वाचून येण्याचा धोका असतो.

नकाशावरच्या हिरव्याचे (बागेचे) पिवळे (निवासी) करायचे असल्यास त्याला ‘किरकोळ फेरबदल’ म्हणावे. नगररचना कायद्याच्या कलम ३७ नुसार फेरबदलाने आराखड्याचे स्वरूप बदलता कामा नये, आणि एका बागेने स्वरूप ते काय बदलणार?

परंतु सर्वांत सात्त्विक मार्ग म्हणजे काहीच न करणे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार, अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही तर मालक महापालिकेला खरेदीची सूचना बजावू शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. (कोणाची जमीन अनंतकाळ अडवून ठेवू नये हे रास्तच आहे, तक्रार मालकाविषयी नाही.) आपण ती सूचना या विभागातून त्या विभागात फिरू द्यावी, आणि दरम्यान ‘वर्गीकरण’ या भारदस्त नावाखाली भूसंपादनाचा निधी स्वागतकमानी, नामफलक आणि स्वतःचे नाव कोरलेली बाके यांकडे वळवावा, बाके ठेवायला जागा उरली नाही तरी बाके द्यावीतच. माहिती अधिकारात मिळालेल्या आमच्या धारिकेत अखेरचा शेरा दोनच शब्दांचा आहे: ‘तरतूद नाही.’ तरतूद नाही? त्याच वर्षी त्याच प्रभागातला धडधाकट पदपथ उखडून पुन्हा बसवला, तेव्हा ती कोठून आली?

नंतर वार्ताहरांपुढे हळहळ व्यक्त करण्यास विसरू नये.

आता जे आधीच सभागृहात बसले आहेत, त्यांना सरळच सांगतो. अंदाजपत्रक मंजूर करणारे तुम्ही, त्यातला निधी पळवणारे तुम्ही आणि मुदत संपत आल्याचे ठाऊक असूनही सभेत एक प्रश्न न विचारणारेही तुम्हीच. ती जागा आता आमच्या मुलांना मिळणार नाही. थोडी लाज शिल्लक असेल, तर तेथे उठणाऱ्या इमारतीच्या भूमिपूजनाला तरी कुदळ घेऊन येऊ नका.