मावशी, बजेट किती?

लक्ष्मी रोडवर साडी घ्यायला आईला घेऊन गेलं की दर वेळी तोच तमाशा. तिच्या अंगावर धुवट सुती साडी, पायात रबरी स्लीपर, हातात कापडी पिशवी. गादीवरचा पोऱ्या आधी स्लीपर बघतो, मग विचारतो, "मावशी, बजेट किती?" अरे, आधी पाणी तरी विचार! मागून गॉगलवाल्या बाई आल्या की त्यांच्यापुढे मात्र घडीवर घडी उलगडते. (घेत काही नाहीत, ते वेगळं.)

परवा तर कहर झाला. पैठणी मागितली तर सेमी पैठणी पुढे टाकली, वर "तुम्हाला हीच परवडेल". आईचं माहेर येवल्याचं, मागाच्या खटखटीत वाढलेली बाई ती. तिने न बोलता पदर उलटा केला. हातमागाच्या पैठणीचा मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. इथे मागे नुसते धागे लोंबत होते. "बाळा, ही मशीनची. हातमागाची दाखव," एवढंच म्हणाली.

मालक गल्ल्यावरून उठून आला. "बसा ना काकू, चहा सांगतो." मावशीची काकू व्हायला दोन मिनिटं!

चहा न पिताच निघालो. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, म्हणजे हे सगळं परत.