अडुसष्ट तासांची मुंज

चिरंजीवांचे लग्न ठरल्यावर आमच्या आईने एकच मागणी केली, आणि ती ना शालूची होती ना पाटल्यांची. रविवारच्या केळवणाला जमणाऱ्या मंडळींना नातवाच्या मुंजीचे चित्रण दाखवावे, एवढेच तिचे म्हणणे होते. मुंज २००७ सालची. त्या वेळी भिक्षावळीपासून सूनमुखाइतक्या गांभीर्याने टिपलेल्या बटूच्या रडण्यापर्यंत सगळे काही मी स्वतः मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या पाच टेपांवर उतरवले होते, आणि पुढे त्या टेपा घरच्या संगणकात भरून ठेवण्याचा शहाणपणाही केला होता. नंतर टेपांना बुरशी लागली, कॅमेऱ्याने मान टाकली आणि मुंजीची एकमेव प्रत आतल्या खोलीतल्या जुन्या संगणकाच्या पोटात राहिली. ती बाहेरच्या खोलीतल्या नव्या लॅपटॉपवर आणायची होती. दोन्ही यंत्रांत अंतर बारा पावलांचे. मी आईला म्हणालो, “आज रात्रीत होऊन जाईल.” तो सोमवार होता.

जुना संगणक २००६ साली सुटे भाग जुळवून घेतलेला आहे. एके काळी पांढरा असलेला त्याचा डबा आता पिकल्या केळाच्या रंगावर गेला आहे, आणि त्यात विंडोज एक्सपी अजून गुण्यागोविंदाने नांदते, कारण मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी तिला वाऱ्यावर सोडल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचलेलीच नाही. डीव्ही प्रकारचे चित्रण तासाला सुमारे १३ जीबी जागा खाते. म्हणजे पाच टेपांचे ६५ जीबी, वर फोटोंचे पाच, असा एकूण ७० जीबींचा संसार हलवायचा होता.

पेनड्राइव्हचा मार्ग आधी चाचपून पाहिला. घरातला पेनड्राइव्ह ३२ जीबीचा होता आणि पूर्ण रिकामाही होता, तरी ‘जागा पुरेशी नाही’ असे तोंडावर सांगून त्याने १३ जीबीची फाइल परत पाठवली. फॅट-३२ पद्धतीने आखलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबींहून मोठी फाइल राहूच शकत नाही, हे मला त्या दिवशी कळले. मोठी सदनिका रिकामी असून दारातून कपाट आत जात नाही, तसा हा प्रकार. बाहेरून जोडायची हार्डडिस्क लावली, तर जुन्या यंत्राकडून तिला पुरेसा वीजपुरवठा होईना आणि ती पालीसारखी नुसती चुकचुकत राहिली. “बाबा, सरळ आतली डिस्कच काढून घ्या ना,” असे चिरंजीव म्हणाले. एकोणीस वर्षे एका जागी बसलेल्या डिस्कला उठवून तिच्याकडून मुंज मागण्याचे धैर्य मला झाले नाही. शेवटी वायरीने जोडायचे ठरले.

नव्या लॅपटॉपला वायर जोडायची जागाच नव्हती. तो इतका सडपातळ आहे, की नेटवर्कच्या वायरीचे टोक त्याच्या कडेपेक्षा जाड भरते. म्हणून पुण्यातल्या पासोड्या विठोबापाशीच्या बाजारात जाऊन यूएसबीत खुपसायचा एक जोड आणि कॅट-६ जातीची वायर आणली. लागणार होती दहा मीटर, आणली वीस मीटर. दुकानदार ‘असू द्या, लागतेच’ असे म्हणाला की माझा नकार घशातच अडकतो. उरलेल्या दहा मीटरचे वेटोळे सध्या देवघराच्या दाराशी आहे आणि आई त्याला वळसा घालून आत जाते.

वायर जोडली, दोन्हीकडे हिरवे दिवे लुकलुकले, पण लॅपटॉप जुन्या यंत्राला ओळख देईना. याचे कारण मात्र मला समजले आणि पटलेही. एक्सपीला फाइलींच्या देवघेवीची एकच बोली येते, एसएमबीची पहिली आवृत्ती. याच बोलीतल्या एका खिंडारातून मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर कीडा जगभर शिरला होता, ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयेसुद्धा त्यातून सुटली नाहीत; त्यानंतर त्याच वर्षीच्या शरद ऋतूपासून विंडोजने ही बोली मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. मी आधी घराचे इंटरनेट तोडले, मग लॅपटॉपच्या वैशिष्ट्यांच्या यादीत जाऊन एसएमबी १.० च्या चौकटीत खूण केली. त्याच यादीत ही बोली काही दिवस कोणी वापरली नाही तर ती आपोआप काढून टाकण्याचीही एक चौकट आहे. आमच्या घरातली मालवणी अशीच गेली, फक्त तिच्यासाठी चौकट नव्हती.

रात्री नऊ वाजता मुंज निघाली. पडद्यावर हिरवा आलेख उमटला. पहिल्या क्षणी त्याने जी उडी घेतली ती पाहून मी चहा टाकायला गेलो. परत येईतो आलेखाचा कोकणकडा झालेला होता: सरळ खाली, आणि तळाशी ‘० बाइट प्रति सेकंद’. मग ३०० केबी, मग पुन्हा शून्य, मग ४००, मग बराच वेळ काहीच नाही. शिल्लक वेळेच्या रकान्यात आधी ‘५ मिनिटे’ होते, मग ‘११ दिवस’ आले, आणि शेवटी यंत्राने जरा विचार करून ‘२ दिवस २० तास’ असा निकाल दिला. मी कागदावर ताळा करून पाहिला. सेकंदाला सरासरी ३०० केबी धरले तर ७० जीबींना अडुसष्ट तास लागतात, म्हणजे मुंज गुरुवारी संध्याकाळी पाचला लॅपटॉपवर पोचणार. आमच्या भागात दुरुस्तीच्या कामासाठी वीज जाते ती गुरुवारी सकाळी दहाला. इन्व्हर्टरवर दोन दिवे आणि आईचा पंखा चालतो. मुंज त्यात बसत नाही.

मंगळवारपासून संशयितांची धरपकड सुरू झाली. जुन्या संगणकावरचा अँटिव्हायरस पहिला सापडला. त्याची मुदत २०१३ मध्ये संपली असली तरी तो निवृत्त हवालदारासारखा दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक फाइलीची झडती घेत होता. त्याला घरी बसवले. वेग तोच. फोटोंच्या हजारो चिल्लर फाइलींमुळे खोळंबा होतो, हे खरे आहे, कारण प्रत्येकीला स्वतंत्रपणे दार उघडून आत घ्यावे लागते आणि पुन्हा दार लावावे लागते. म्हणून फोटो बाजूला ठेवून एकच मोठी टेप पाठवून पाहिली. वेग तोच. वायर बदलली. मधला राउटर काढून दोन्ही यंत्रे समोरासमोर बसवली. तरी तेच. मधल्या मध्यस्थाला हाकलूनही भांडण मिटत नाही, तेव्हा दोष दोघांपैकी एकाच्या स्वभावात आहे हे एव्हाना मला कळायला हवे होते, पण मी तेवढ्यात आणखी एक वायर आणायला गेलो होतो.

गंमत अशी, की दोन्ही पडद्यांवर जोडणीचा वेग ‘१०० एमबीपीएस’ असाच दिसत होता. हे एमबीपीएस म्हणजे बिट, आणि फाइल मोजायची बाइटमध्ये, एका बाइटचे आठ बिट; शेराचा भाव सांगून छटाकाने माप घालण्याचा हा जुना व्यापारी धर्म आहे. तरीसुद्धा शंभराला आठाने भागून साडेबारा एमबी येतात, त्यातले अकरा तरी पदरात पडावेत. माझ्या पदरात एकाचा तिसरा हिस्सा पडत होता. आणि ‘पिंग’ करून, म्हणजे एका यंत्राकडून दुसऱ्याला नुसतीच ‘आहेस का?’ अशी हाक मारून पाहावे, तर उत्तर क्षणात, एकदाही न चुकता. दोघांना कुशल विचारले की दोघेही ठणठणीत. काम सांगितले की धाप.

बुधवारी रात्री बंगळूरच्या भाच्याला फोन केला. तो पोटासाठी हेच करतो. सगळी हकिकत त्याने शांतपणे ऐकून घेतली.

“मामा, पिंग नीट आणि मोठी फाइल आली की बोंब. जुन्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचं डुप्लेक्स बघ.”

“ते काय असतं?”

“तुम्ही नुकतीच लग्नाची बैठक केलीत ना? तसंच.”

पुढची पंधरा मिनिटे त्याने जे सांगितले ते मला त्या बैठकीमुळेच समजले. दोन यंत्रे वायरीने जोडली गेली की प्रथम आपसांत याद्या करतात: मला इतका वेग जमतो, मला एकाच वेळी बोलता आणि ऐकता येते, तुमचे काय? दोघांनाही जमेल असे उत्तमात उत्तम ते ठरवतात आणि कामाला लागतात. पण एका बाजूच्या माणसाने ‘आमचे सगळे घरूनच ठरवून आलो आहोत’ असे मनात धरून बैठकीत तोंडच उघडले नाही, तर दुसऱ्या बाजूने काय समजायचे? नियमाप्रमाणे तिला समोरच्याचा वेग सिग्नलवरून ओळखता येतो, पण त्याची बोलण्याची रीत ओळखता येत नाही, म्हणून ती कमीत कमी तेच गृहीत धरते: एका वेळी एकानेच बोलायचे. मग एक बाजू वाटेल तेव्हा बोलते आणि बोलता बोलता ऐकते, तर दुसऱ्या बाजूला, आपण तोंड उघडताच समोरून आवाज आला की टक्कर झाली असे वाटून, थांबावे लागते, ऐकलेले टाकून द्यावे लागते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पिंगमध्ये एक विचारतो, दुसरा उत्तर देतो, म्हणून तिथे काही बिघडत नाही. आमच्या बैठकीत मुलीच्या मामांचे आणि माझ्या थोरल्या बंधूंचे मानपानावर जे दोन तास चालले ते नेमके याच पद्धतीचे होते, आणि तिथेही चहा घेता का, घेतो, एवढे मात्र सुरळीत पार पडले होते.

जुन्या कार्डाच्या गुणधर्मांत शिरलो. ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ या ओळीपुढे ‘ऑटो’, म्हणजे बैठकीत ठरेल तसे, असे हवे होते. तिथे ‘१०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स’, म्हणजे एकाच वेळी बोलायचे आणि ऐकायचे, असे ठाम लिहिलेले होते.

“हे कोणी केलं असेल रे?” मी फोनवर विचारले. अमुक एका केबलवाल्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आलाही होता.

त्याच वेळी सौ. टॉर्च घेऊन टेबलाखाली वाकली होती. डब्याच्या डाव्या अंगाला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. सेलोटेप मधासारखी पिवळी पडलेली, शाई विटलेली, पण अक्षर स्वच्छ वाचता येत होते. तिने मोठ्याने वाचले: “‘नेटचा वेग वाढवण्यासाठी १०० फुल केले आहे. बदलू नये. दि. १४/२/२००९.’ अहो, सही तुमची आहे.”

मग आठवले. वेग वाढवण्याच्या युक्त्या सांगणारा कसलासा लेख मी वाचला होता आणि त्या दिवशी इंटरनेट खरोखरच जास्त वेगाने चालू लागल्यासारखे मला वाटलेही होते. आपल्याकडे २००४ च्या धोरणानुसार २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, म्हणजे सेकंदाला अवघे ३२ केबी, आणि आमचे इंटरनेट तेवढेच होते. नळालाच करंगळीएवढी धार असेल, तर पुढचा पाइप मी स्वतः बोळा घालून तुंबवला आहे हे कळणार कसे? सोळा वर्षे ते कोणाला कळले नाही. त्या डब्यावरची धूळ मी दर दिवाळीला पुसतो, चिठ्ठीच्या कडेकडेने.

‘ऑटो’ केले. हिरवे दिवे क्षणभर विझून पुन्हा लागले. आलेख वर चढला आणि सेकंदाला अकरा एमबीच्या आसपास पठारासारखा पसरला. ७० जीबी दोन तासांच्या आत आले. रात्री साडेबाराला आईला उठवू नये असे वाटत होते, पण ती जागीच होती; खुर्ची ओढून बसली आणि तिने पहिली टेप लावायला सांगितली. पहिली अकरा मिनिटे कॅमेरा चालू राहिल्याचे मला माहीत नसल्यामुळे त्यात मांडवातली सतरंजी आणि माझी चप्पल दिसते. आईने तीही पूर्ण पाहिली.

सकाळी मी जुनी चिठ्ठी खरवडून काढली आणि तिथे नवी लावली: “ऑटो ठेवले आहे. बदलू नये.” खाली सही, तारीख. दुपारी वीज गेलेली असताना सहज टॉर्च मारून पाहिले, तर सहीच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात आणखी दोन शब्द आले होते: “विशेषतः यांनी.”