नियम-अटींसाठी रीडओन्ली टेक्स्टएरिया नको

वेबपानावर लांबलचक नियम-अटी सरकत्या चौकटीत दाखवायच्या असतील तर टेक्स्टएरिया (एचटीएमएलमधली अनेक ओळी टंकण्याची चौकट) घ्यावा आणि त्याला रीडओन्ली (फक्त वाचण्यासाठी) किंवा डिसेबल्ड (निष्क्रिय) हा गुणधर्म लावावा, म्हणजे मजकूर कोणालाही बदलता येत नाही, स्क्रोलबार आपोआप मिळतो आणि सर्वांना नीट वाचता येते, असा सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो. त्यातले स्क्रोलबारबद्दलचे विधान तेवढे खरे आहे.

मजकूर बदलता येत नाही, हे टंकण्यापुरतेच. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये (पानाचा कोड पाहण्या-बदलण्याच्या साधनांत) रीडओन्ली हा शब्द खोडला की चौकट संपादनासाठी मोकळी होते, आणि तिला नेम हा गुणधर्म (फॉर्ममधले नाव) दिलेला असेल तर बदललेला मजकूर फॉर्मबरोबर सर्व्हरकडे जातो. म्हणून अर्जदाराने कोणत्या अटी मान्य केल्या याची नोंद सर्व्हरवरच्या प्रतीवरूनच ठेवली पाहिजे. डिसेबल्ड लावल्यास मजकूर पाठवला जात नाही हे खरे. परंतु मग टॅब कळीने त्या चौकटीत जाताच येत नाही, त्यामुळे माउस न वापरणाऱ्याला खालच्या अटी दिसतच नाहीत, आणि ज्याला दिसतात त्यालाही अक्षरे बहुधा फिकट दिसतात.

‘सर्वांना वाचता येते’ हा दावा मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण अटी मान्य करणाऱ्याला त्या आधी कळायला हव्यात. टेक्स्टएरियात केवळ साधा मजकूर मावतो. मथळा, दुवा, तक्ता, ठळक अक्षर यांपैकी काहीही त्यात ठेवता येत नाही. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणारी अंध व्यक्ती एरवी एका कळीने मथळ्यावरून मथळ्यावर जात ‘परतावा’ किंवा ‘रद्द करणे’ हे कलम शोधते. येथे तिला ते एक संपादन क्षेत्र असल्याचे सांगितले जाते आणि पुढे सलग मजकूर ऐकावा लागतो. छापायला घेतल्यास कागदावर चौकटीत दिसणाराच भाग उमटतो.

याला पर्याय म्हणून कमाल उंची आणि ओव्हरफ्लो ऑटो (मजकूर मावला नाही तर स्क्रोलबार देणारी सीएसएस म्हणजे मांडणीच्या नियमांतली सूचना) दिलेला साधा डिव्ह (एचटीएमएलची साधी चौकट) पुरतो. तो कीबोर्डने सरकत नाही, हा आक्षेप पूर्वी बऱ्याच अंशी रास्त होता. २०२४ मध्ये क्रोमने, आत दुवा किंवा बटण नसेल तर, अशा चौकटीला टॅबने पोहोचण्याची सोय स्वतःहून दिली. तरीही प्रत्येक ब्राउझरवर विसंबू नये. डिव्हचा टॅबइंडेक्स शून्य ठेवावा, म्हणजे टॅब कळीने त्यात जाता येते, स्क्रीन रीडरला तो पानाचा वेगळा भाग आहे हे कळावे म्हणून रीजन ही भूमिका (रोल) आणि ‘नियम व अटी’ असे नाव द्यावे, आणि छपाईच्या सीएसएसमध्ये उंचीची मर्यादा काढून ओव्हरफ्लो दृश्य (व्हिजिबल) करावा, म्हणजे कागदावर सगळा मजकूर उमटतो. अटी चार-पाच परिच्छेदांच्याच असतील तर मात्र त्या पानावर सरळ उघड्या ठेवाव्यात, कारण मोबाइलवर पान सरकवताना बोट चौकटीत अडकते.